भाऊबंदकीत गेलेली साष्टी

देवनार म्हटले की मुंबईकराला कचराभूमी आठवते. 1927 पासून शहराचा कचरा इथे येतो; 1971 साली कत्तलखानाही इथे आला. पण तुर्भे बेटाच्या या टापूचा आणि त्याला लागून असलेल्या साऱ्या साष्टी बेटाचा धनी बदलला तो पुण्याच्या भाऊबंदकीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे आणि साष्टी जिंकली, 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मुंबईच्या इंग्रजांचा साष्टीवर डोळा होताच. 1772 साली त्यांनी मॉस्टिनला वकील म्हणून पुण्यास धाडले, ते साष्टी आणि वसई पदरात पाडून घेण्यासाठीच. दरबाराने दाद दिली नाही.

मग 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव ऊर्फ राघोबा गादीवर बसले, पण न्यायाधीश रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी धरले आणि कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचे राजकारण उभे केले. एप्रिल 1774 मध्ये पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांच्या दाव्यातला उरलासुरला जीवही गेला. ते इंग्रजांच्या दारी गेले. मात्र इंग्रज कराराची वाट पाहत थांबले नव्हते. पोर्तुगीज साष्टी परत घेणार अशी आवई उठताच त्यांनी डिसेंबर 1774 अखेर ठाण्याचा किल्ला सर केला. मार्च 1775 च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देऊ केली, तेव्हा साष्टी इंग्रजांच्या ताब्यात होतीच. घरातल्या एका दावेदाराची सही तेवढी हवी होती.

याचा सगळा दोष एकट्या राघोबांच्या माथी मारणे मला पटत नाही. 1777 साली सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्यात आला, तेव्हा बारभाईंतल्या नाना फडणवीसांनीही त्याला जवळ केले. हेतू इंग्रजांना शह देण्याचा होता, तरी घरच्या भांडणात दुसरा परका आलाच. आणि पुढचे अधिक बोचते. जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडली गेली. घेतलेला मुलूख परत करण्याचे तिने कबूल केले, पण वरिष्ठांनी तो करार झिडकारला. 1782 च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, रघुनाथरावांचा दावा संपून त्यांच्या हाती नेमणूक तेवढी उरली; साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. राघोबा हरले, तरी त्यांनी लिहून दिलेले दान वसूल झाले. खाडीकाठच्या कोळी-आगऱ्यांना यात कोणी काही विचारले नव्हते.

साष्टी गेल्यावर सुमारे पन्नास वर्षांनी ग्रीसमध्येही घरच्या भांडणात परक्यांना असेच फावले. तुर्कांशी लढा चालू असतानाच, 1823 ते 1825 या काळात, ग्रीक आपसात दोनदा लढले. लंडनमध्ये 1824 साली काढलेल्या कर्जातला पैसा सरकारपक्षाने आपल्याच विरोधकांवर वापरला. मोरियाचा सेनानी कोलोकोत्रोनिस कैदेत पडला. तिथल्या पक्षांची नावेच इंग्रज, फ्रेंच आणि रशियन अशी होती. 1827 साली नवारिनोला याच तीन सत्तांच्या आरमारांनी तुर्की-इजिप्ती आरमार बुडवले. 1831 साली नाफ्प्लिओमध्ये चर्चच्या दारात राष्ट्रप्रमुख कापोदिस्त्रियास यांना मारले ते परक्यांनी नव्हे, मानीच्या मावरोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी. मग तिन्ही सत्तांनी बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ओथो ग्रीसचा राजा नेमला. 1833 साली तो बव्हेरियन फौज घेऊन उतरला. प्रजेला विचारले नव्हते. मात्र 3 सप्टेंबर 1843 रोजी अथेन्सच्या फौजेने आणि नागरिकांनी राजवाड्याला गराडा घालून राज्यघटनेचे वचन घेतले.

आपल्याकडे तशी सावरण्याची संधी आली नाही. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव पळाले ते वसईला, आणि 31 डिसेंबर रोजी तिथेच त्यांनी तैनाती फौज पत्करली. बापाने बेटे दिली होती, मुलाने राज्याचे स्वातंत्र्य दिले.