सरकारी मदत आणि गरिबाचें घर

आवणीच्या दिवसांत आमच्या भिवंडी तालुक्यांत दोन शेतकरी भेटले कीं एकच तक्रार ऐकूं येते. ‘रेशनवर धान्य फुकट, बाईच्या खात्यांत दरमहा पैसे, मग चिखलांत वाकणार कोण?’ ही तक्रार मीं पारावर ऐकली, सोसायटीच्या कचेरींत ऐकली, आणि खोटें कशास बोलूं, एके काळीं स्वतः केलीही. माझी नोकरी महसूल खात्यांत कारकुनाची, आणि घरीं थोडी भातजमीन. त्यामुळें मदतीचे कागद रंगविणारा आणि मजूर शोधणारा, अशा दोन्ही बाजूंनीं हा प्रश्न मीं पाहिला आहे. सरकारी मदतीनें गरिबाचें भलें होतें कीं तो आळशी बनतो, याचा हिशेब पक्षपात न करतां मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा वाद नवा नव्हे. इंग्लंडांत 1795 सालीं स्पीनहॅमलंड येथें जमलेल्या न्यायाधीशांनीं, मजुराची मजुरी कमी पडेल तेवढी भाकरीच्या भावाप्रमाणें स्थानिक करांतून भरून देण्याचें ठरविलें. टीकाकारांचें म्हणणें असें कीं, यामुळें मजूर सुस्त झाला आणि जमीनदारानेंहि मजुरी उतरविली. कारण उरलेली भरपाई गांव करीतच होता. 1834 च्या कायद्यानें ही रीत मोडली. पुढें 1908 सालीं जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज सिमेल यानें एक मार्मिक विचार मांडला. समाज गरिबास मदत करतो ती पुष्कळदां गरिबासाठीं नसून, स्वतःची घडी विसकटूं नये म्हणून असते, असें त्याचें मत. तेव्हां कोणतीही योजना पाहतांना पहिला प्रश्न विचारावा तो असा: हिचा लाभ शेवटीं कोणाच्या पदरांत पडतो?

प्रथम फुकट धान्याचा हिशेब करूं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबांतील माणशीं दरमहा 5 किलो धान्य ठरलें, आणि अंत्योदय कुटुंबास 35 किलो. जानेवारी 2023 पासून तें विनामूल्य झालें. आतां चिखलांत राबणाऱ्या गड्यास दिवसाला अर्धा किलो धान्य लागतें असें धरा. म्हणजे 5 किलो धान्य त्यास दहा दिवस पुरेल. उरलेल्या वीस दिवसांचें धान्य, शिवाय तेल, मीठ, औषध, कपडा, हें सारें मजुरींतूनच यावयाचें. 2024 पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये म्हणजे दिवसाला 50 रुपये. एवढ्यावर घरीं बसून खातां येतें, असें कोणी हिशेबी शेतकरी म्हणणार नाहीं.

मग मजूर गेला कोठें? तो काल्हेर, कशेळी, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांत गेला, यंत्रमागावर गेला. तेथें बाराही महिने काम आहे, आमच्याकडे आवणी आणि कापणी एवढेंच. आणि तीं गोदामें उभीं राहिलीं तीं कोणाच्या शेतांत? सुज्ञ वाचकांस अधिक सांगणें न लगे. जमिनीचें भाडें आपण घेतलें, आणि मजूर महागल्याचा दोष रेशनच्या पोत्यावर ठेवला.

मदतीनें भलें होऊं शकतें याचा उत्तम दाखला आपल्याच राज्यांत आहे. वि. स. पागे यांनीं 1965 सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत विसापूर येथें, मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग केला. 1972 चा दुष्काळ आला आणि 1973 च्या उन्हाळ्यांत सुमारें 50 लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडून, तळीं खोदून त्यांनीं घर जगविलें. पुढें 1975 सालीं शहरांतील नोकरदार व धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवून पैशाची सोय झाली. 1977 सालीं कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलांत आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारी भत्ता, असा त्यांत हक्क होता. 2005 चा केंद्राचा कायदा याच वाटेनें गेला.

ह्या योजनेचें मर्म असें कीं, मजुरास कोणापुढें हात पसरावा लागत नव्हता. जो उन्हांत घमेलें उचलावयास तयार, तोच येई. म्हणून धनिकाची गर्दी आपोआप टळली. परंतु तिच्यांतही उणीव होती. हेरिंग व एडवर्ड्स या अभ्यासकांनीं 1983 सालीं दाखविलें कीं, मजुरांच्या श्रमांतून झालेल्या बांधबंदिस्तीचा व पाझर तलावांचा कायमचा लाभ बहुतांशीं जमीनवाल्यांस मिळाला. मजुरास मजुरी मिळाली, ओलावा आमच्या विहिरींत आला. 1990 पासून फळबागाही याच योजनेला जोडल्या गेल्या. 1988 सालीं मजुरीचा दर सुमारें दुप्पट झाला, तेव्हां रॅव्हॅलियन, दत्त व चौधुरी यांच्या अभ्यासाप्रमाणें कामेंच आखडतीं घेतलीं गेलीं. हक्क कागदावर राहिला आणि हजेरीपट आटला.

आतां दुसरी बाजू. मदत घेणाऱ्यांत आपणही आहोंत. 2019 पासून केंद्राचे वर्षाला 6000 आणि 2023 पासून राज्याचे 6000 रुपये शेतकऱ्याच्या खात्यांत जमा होऊं लागले. त्यानें आपण आळशी झालों असें कोणी म्हटलें, तर आपणांस राग येईल. आणि तो रास्तच आहे. पण ज्याच्या नांवें सातबारा नाहीं त्यास यांतला एक पैसा मिळत नाहीं. सर्वांत गरीब तोच सर्वांत बाहेर, हा मदतीचा खरा दोष आहे.

हें मीं माझ्या टेबलावर पाहिलें. एक कातकरी बाई शिधापत्रिकेसाठीं आली. झोपडी दुसऱ्याच्या जागेंत, म्हणून घरपट्टीची पावती नाहीं. दुसऱ्या खेपेस पावतीऐवजीं दाखला आणला, तर मुलांच्या जन्माची नोंद नाहीं. तिसऱ्या खेपेची तारीख दिली ती दिवाळीनंतरची. तोंवर उचल घेऊन ती सहकुटुंब वीटभट्टीवर गेली होती. अर्जावर ‘कागदपत्रें अपूर्ण’ हा शेरा माझ्याच हातचा. नियमानें मीं चुकलों नव्हतों. पण त्या पावसाळ्यांत त्या घरीं काय शिजलें असेल, हा विचार निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडीत नाहीं. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानें बंद झाली खरी. पण पावसाळ्यांत घरांत दाणा नसला कीं गरीब माणूस उचलीस अंगठा देतो, आणि तेथून तीच वाट पुन्हां सुरू होते. ज्या घरीं रेशनचें पोतें वेळेवर पोहोंचतें, त्या घराला भट्टीवाल्याशीं भाव ठरवितां येतो. आमच्याशींही ठरवितां येतो, आणि आमच्या तक्रारीचें खरें मूळ कदाचित् येथेंच आहे.

तेव्हां माझें मत असें. मदत हक्कानें, वेळेवर आणि कागदांच्या जाचाविना मिळाली तर गरिबाची पाठ सरळ होते. मेहेरबानी म्हणून, उशिरां आणि अर्धवट मिळाली तर ती त्यास फक्त जिवंत ठेवते. सरकार करील तें करील. आपल्या हातीं तीन गोष्टी आहेत. भट्टीला जाण्यापूर्वीं, आश्विनांत, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक दिवस बसून वाडीवरील कुटुंबांचे कागद पुरे करून द्यावेत. पत्रिका आतां परगांवच्या दुकानींही चालते, हें त्यांस समजावून सांगावें. सार्वजनिक कामें चैत्र-वैशाखांत निघावींत असा ठराव ग्रामसभेंत मांडावा, म्हणजे आवणीशीं त्यांचा तंटा राहणार नाहीं. आणि आवणीचा दर आगाऊ, उघडपणें ठरवून संध्याकाळीं रोख द्यावा.

तिसरी गोष्ट मीं गेलीं दोन वर्षें करून पाहिली. माझ्या खाचरांत माणसें कमी पडलीं नाहींत. रेशन तीं त्याही वर्षीं घेतच होतीं.