काविळीचं गावठी औषध खरंच लागू पडतं का?

माथेरानच्या पायथ्याशी, नेरळपासून कर्जत-खालापूरच्या डोंगरांपर्यंत ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवणाऱ्याकडे जायचं, ही इकडची आणि एकूणच महाराष्ट्रातली जुनी रीत. कुणी पाल्याचा रस देतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली!

त्या पिवळ्या पाण्याचं गुपित साधं आहे. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असेल, तर चुन्याच्या पाण्यात तो पिवळा पडतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी तोच रंग येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात.

मग एवढे लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र त्या आठवड्यांत जे औषध घेतलं त्याला मिळतं.

म्हणून रानातली सगळीच औषधं थोतांड ठरत नाहीत. आवेवर कुड्याची साल देतात. तिच्यातलं कोनेसिन हे द्रव्य आमांशाच्या अमीबावर चालतं आणि एकेकाळी डॉक्टरही ते वापरत. खोकल्यावरच्या अडुळशाची गोष्ट तर आणखी पुढची. त्याच्या पानांतल्या वासिसिनवरून 1960च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झालं. आज दुकानात मिळणाऱ्या कफाच्या अनेक औषधांत ते किंवा त्याच्याच घराण्यातलं अँब्रोक्सोल असतं. जाणत्या वैदूची ही माहिती जपून ठेवावी अशीच आहे.

काविळीचा धोका वेगळा आहे. डोळे पिवळे होणं हे लक्षण आहे आणि त्यामागचे आजार अनेक आहेत. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या लघवीतले जंतू शेतातल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, आजार बळावला तर कावीळ होते आणि मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. यावर प्रतिजैविकं आहेत, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात. माळ गळ्यात घालून आठवडाभर वाट पाहिली, तर नेमका तोच वेळ हातचा जातो. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई झाला तर तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

काविळीबरोबर ताप, सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा लघवी कमी होणं यांपैकी काहीही असेल, तर सरळ दवाखाना गाठावा. आधी पाल्याचा रस घेतला असेल तर तो कसला, किती दिवस, हे डॉक्टरांना सांगावं. ओरडा बसेल म्हणून लोक हे लपवतात. पण काही वनस्पतींनी यकृतालाच इजा होते, आणि ते माहीत नसेल तर तपासणीचे आकडे डॉक्टरांनाही चकवतात.