वायफाय नवं, प्रिंटर जुना!

घरात नवीन इंटरनेट आलं की सगळे खूश असतात. मुलांचा गेम अडकत नाही, सासूबाईंचं कीर्तन ऐन रंगात आलेलं असताना पडद्यावर गोल फिरत बसत नाही. रुसून बसतो तो एकच, कोपऱ्यातला जुना प्रिंटर. कालपर्यंत वायर न लावता मोबाईलवरून कागद काढून देणारा हा गडी एकाएकी ‘ऑफलाईन’ होतो. मग कुणीतरी जाणकार येतो, वरवर बघतो आणि सांगतो, “जुना झालाय, नवा घ्या.”

माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या सांगलीच्या घरी हेच झालं. त्या बचत गटातर्फे हळद आणि मसाले विकतात. पाकिटांवरची लेबलं घरीच छापतात. शनिवारी प्रदर्शनात स्टॉल लावायचा होता, तीनशे पाकिटं भरून तयार होती आणि बुधवारी राऊटर बदलला. दुकानदाराने नव्या प्रिंटरचा भाव चौदा हजार सांगितला. प्रदर्शनातली सगळी कमाई त्यातच गेली असती. शिवाय या प्रिंटरवर त्यांचा जीव आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचं काहीच हाती लागलं नाही. हा तेवढा माळ्यावर ठेवला होता म्हणून वाचला. पूर ओसरल्यावर पहिली लेबलं त्याच्यावरच निघाली.

“ताई, तुम्ही इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवलाय, बघा ना जरा,” असा फोन आला. आता मी साताऱ्यात आणि प्रिंटर सांगलीत! पण व्हिडिओ कॉल आहे की.

मैत्रिणींनो, पहिलं काम म्हणजे यंत्र खरंच बिघडलंय का ते पाहणं. वरच्या काचेवर एखादा कागद ठेवायचा आणि झेरॉक्सचं बटण दाबायचं. झेरॉक्स स्वच्छ आली तर शाई, रोलर, सगळं ठीक आहे, बिघाड फक्त जोडणीत. जाऊबाईंची झेरॉक्स छान आली. निम्मी काळजी तिथंच गेली.

दुसरं, प्रिंटरकडून त्याच्या वायफायचा कागद काढून घ्यायचा. बहुतेक प्रिंटरच्या सेटिंगमध्ये किंवा एखादं बटण दाबून धरल्यावर ‘नेटवर्क रिपोर्ट’ छापून येतो. त्यावर प्रिंटर कुठल्या वायफायला शोधतोय त्याचं नाव असतं. इथं जुन्याच राऊटरचं नाव होतं. बिचारा प्रिंटर, काढून टाकलेल्या राऊटरला हाका मारत बसला होता! म्हणून वायफायचा निळा दिवा नुसता लुकलुकत होता. जोडणी झाली की बहुतेक प्रिंटरवर तो स्थिर होतो.

मग नवं नाव द्यायला गेलो, तर नावच दिसेना. इथं खरी मेख आहे. आजचे बरेच राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ म्हणजे आपली लाल एसटी. हळू जाते, पण भिंती ओलांडून वाडीवस्तीपर्यंत पोचते. ५ म्हणजे विनाथांबा गाडी, वेग भारी, पण दोन जाड भिंती मध्ये आल्या की दमते. दहाबारा वर्षांपूर्वीच्या घरगुती प्रिंटरना बहुधा लाल एसटीच ठाऊक. हल्लीचे राऊटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात, त्यात जुन्या यंत्राचा गोंधळ उडतो. इथं तर बसवणाऱ्याने २.४ ची पट्टी बंदच ठेवली होती.

दुसरी मेख कुलपाची. वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार डब्ल्यूपीए-३, तो २०१८ साली आला. त्याच्या आधीच्या प्रिंटरला फार तर डब्ल्यूपीए-२ कळतं. राऊटर फक्त नव्या प्रकारावर ठेवला असेल, तर पासवर्ड बरोबर टाकूनही प्रिंटर ‘चुकीचा’ म्हणत राहतो. अशा वेळी डब्ल्यूपीएस नावाचं बटणही कामाला येत नाही. एरवी ते सोयीचं. राऊटरवरचं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं.

हे सगळं बदलायला राऊटरच्या आत शिरावं लागतं. पत्ता राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा. तो ब्राऊझरमध्ये टाकायचा. पासवर्ड मात्र बसवणाऱ्याने बदललेला. तो कुणाकडे? भाऊजींच्या मोबाईलमध्ये. आणि भाऊजी कुठं? तासगावला, बेदाण्याच्या सौद्याला! सौद्याच्या गलक्यात त्यांना फोनच ऐकू येईना. दुपारचे दीड तास त्यात गेले. वायफाय घरातली बाईच सगळ्यात जास्त वापरते, पण त्याची किल्ली पुरुषाच्या खिशात, हे मी किती घरांतून पाहिलंय. तो पासवर्ड डाळीच्या डब्यांच्या कपाटात आतून चिकटवून ठेवा बाई!

एकदाचा पासवर्ड मिळाला. २.४ ची पट्टी सुरू केली आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ वर आणली. सुरक्षा बंद मात्र कधीच करायची नाही, नाहीतर अख्खी गल्ली फुकटात वायफाय वापरेल. त्यानंतर माझी आवडती युक्ती. प्रिंटरला नवं नाव शिकवत बसायचंच नाही. २.४ च्या पट्टीला जुन्या राऊटरचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, स्पेलिंग, मोठी-लहान अक्षरं, मोकळी जागा सगळं जसंच्या तसं. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. मिनिटभर लुकलुक, आणि निळा दिवा स्थिर! “ताई, लागला हो!” ही आरोळी फोन नसता तरी साताऱ्यात ऐकू आली असती.

जुनं नाव आठवत नसेल तर त्या नेटवर्क रिपोर्टवर असतंच. जुना पासवर्डच हरवला असेल तर मात्र प्रिंटरची नेटवर्क सेटिंग पुसून नव्याने जोडावं लागतं. त्या वेळी मोबाईलही २.४ च्याच नावावर ठेवावा. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर प्रिंटर जोडू नये. तिथल्या यंत्रांना बहुधा एकमेकांशी बोलू दिलं जात नाही.

इतकं झालं तरी कॉम्प्युटर ‘ऑफलाईन’च म्हणत होता. घाबरायचं कारण नाही. नव्या राऊटरने प्रिंटरला नवा पत्ता दिलेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. यादीतून प्रिंटर काढून टाकायचा आणि पुन्हा घ्यायचा. आठवड्याने परत तसंच झालं तर राऊटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? बहुतेक प्रिंटरच्या पाठीमागे एक चौकोनी भोक असतं. त्यात यूएसबीची केबल जाते. दोनएकशे रुपयांची केबल, वायफायची कटकटच नको. प्रिंटर कॉम्प्युटरशेजारी ठेवावा लागतो एवढंच. शाईची नळकांडी बाजारात मिळेनाशी झाली किंवा झेरॉक्सच पट्टेपट्टे येऊ लागली, तर मात्र नव्या प्रिंटरचा विचार करायला हरकत नाही.

त्या रात्री साडेदहापर्यंत लेबलं छापून झाली. शेवटची वीसेक फिकट आली, पिवळी शाई संपत आली होती. हळदीच्या लेबलाला नेमकी पिवळीच कमी! जाऊबाईंनी ती मिरचीच्या पाकिटांना लावली.