घडीची सायकल : पैसा कुठे लागतो?

घडीची सायकल एकीकडे स्वस्त, दुसरीकडे महाग का, असे दुकानदार बंधू विचारतात. आमच्या मते फरक मुख्यतः सांध्यांत असतो. लंडनची ब्रॉम्प्टन महाग पडते, कारण तिच्या पोलादी चौकटीचे सांधे कारागीर पितळेची झाळ देऊन हाताने जोडतात. स्वस्त मालात काटकसर होते ती बहुधा बिजागरीत, आणि भार तर तिथेच येतो. म्हणून घेण्यापूर्वी बिजागरीवर बोट ठेवून, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. खटका आवळूनही सांधा हलला तर ती घेऊ नये. २० इंची टायर-ट्यूब सहज मिळतात. खटका मात्र ज्याचा त्यालाच बसतो. सुटे भाग देणाऱ्याकडूनच माल घ्यावा. विकणाऱ्यानेही ऐब लपवू नये. सांधा सुटला तर गिऱ्हाइकाचा जीव जातो.