ठळक अक्षर, तिरके अक्षर

सॉफ्टवेअरबरोबर माहितीपुस्तिका येते. तिच्यात काही शब्द ठळक, काही तिरके, मधूनच चौकोनी कंस. छापखान्याने हे शोभेसाठी केले असावे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या खुणा म्हणजे हुकूम आहेत. 'युनिक्स'च्या पुस्तिकांतला रिवाज पाहा : ठळक शब्द जसाच्या तसा टाइप करावयाचा, तिरक्या शब्दाच्या जागी आपला शब्द घालावयाचा, चौकोनी कंसातले हवे तर घ्यावे, नको तर गाळावे.

हा रिवाज काही आकाशातून पडला नाही. १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स'ची पहिली पुस्तिका निघाली, तेव्हा जसाच्या तसा टाइप करावयाचा शब्द अधोरेखित केलेला असे. टाइपरायटरला ठळक अक्षर कोठले? १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ते काम ठळक अक्षराकडे आलेले दिसते. पुढे पुष्कळ पडद्यांवर तिरके अक्षर उमटेना, म्हणून त्याच्याऐवजी खाली रेघ येऊ लागली. म्हणजे जी रेघ पूर्वी 'याला हात लावू नका' म्हणत होती, तीच आता 'हे बदला' म्हणू लागली! तेव्हा कोणत्या खुणेचा काय अर्थ, हा करार पहिल्या पानावर छापलाच पाहिजे. वेतनकरारात आम्ही 'कामगार' शब्दाची व्याख्या आधी मागतो, ती याच कारणाने.

एका कारखान्यात आमच्या एका ऑपरेटरला मेमो मिळाला : 'सूचनांचे पालन केले नाही.' पुस्तिकेत वाक्याच्या शेवटी आज्ञा होती व तिला लागून पूर्णविराम. गड्याने पूर्णविरामही टाइप केला, यंत्राने आज्ञा नाकारली, काम खोळंबले. चौकशीत आम्ही ते पान पुढे ठेवले. पालन तर तंतोतंत झाले होते! मेमो मागे घेतला गेला. पुस्तिका मात्र तशीच राहिली.

उपाय सोपा आहे. आज्ञा स्वतंत्र ओळीवर, सारख्या रुंदीच्या अक्षरांत छापावी. सरळ अवतरणचिन्हे छपाईत वाकडी होऊ देऊ नयेत. माणसाला दोन्ही सारखीच, यंत्राला नाहीत.

मराठी पुस्तिकांना आणखी एक अडचण. इंग्रजीतली मोठी अक्षरे देवनागरीत नाहीत, आणि तिरके वळण आमच्या डोळ्यांना परके. म्हणून एखादा शब्द तिरका छापून वाचकाने ओळखावे अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा 'येथे तुमच्या फाइलचे नाव लिहा' असे सरळ छापावे. चार शब्दांची जागा जास्त लागेल, ती लागू द्यावी.