पाठीचा कणा आणि पिलाटेस व्यायाम

साठी उलटलेल्या दोन स्त्रिया कंबरदुखीची एकच तक्रार घेऊन एकाच व्यायामशाळेत आल्या आहेत, अशी कल्पना करावी. पहिलीच्या मणक्यांतील खनिजे वयोमानाने घटून ते ठिसूळ झाले आहेत. दुसरीच्या कण्यातील, मज्जातंतू जिच्यातून जातात ती पोकळी अरुंद झाली आहे. पुढे वाकले असता ही पोकळी किंचित रुंदावते, म्हणून दुसरीस त्या स्थितीत आराम वाटतो. पहिलीस मात्र तेच वाकणे घातक ठरू शकते. पाहणाऱ्यास दोघींत कोणताच भेद दिसत नाही. पिलाटेस या नावाने जगभर पसरलेला व्यायाम रुग्णाने भौतिकोपचारतज्ज्ञाच्या, म्हणजे रुग्णालयांतून ज्यास फिजिओथेरपिस्ट म्हणतात त्याच्या देखरेखीखाली का करावा, याचे उत्तर या न दिसणाऱ्या भेदात आहे.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस याचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. बालपणी दमा व मुडदूस यांनी जर्जर झालेल्या या मुलाने व्यायामाने शरीर कमावले. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यास आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध केले. पुढे १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याच्या व्यायामशाळेत दुखापत झालेले नर्तक येऊ लागले. आपल्या पद्धतीस तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणे. प्रत्येक हालचाल मनाच्या ताब्यात, श्वासाच्या लयीत व सावकाश व्हावी, हा त्याचा आग्रह असे. १९६७ साली तो वारला.

त्याने बनविलेल्या उपकरणांपैकी ‘रिफॉर्मर’ हे भौतिकोपचारात विशेष उपयोगी पडले. लांबट चौकटीत चाकांवर सरकणारी एक फळी असते व ती स्प्रिंगांनी चौकटीस जोडलेली असते. रुग्ण फळीवर उताणा निजून पायांनी आडवी दांडी रेटतो. ही क्रिया बैठकीसारखीच असली, तरी शरीराचे वजन फळीने पेललेले असते आणि पायांवर येणारा भार केवळ स्प्रिंगांचा असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यास उभ्याने बैठक काढणे अशक्य, त्यास एकेक स्प्रिंग वाढवीत पूर्ववत बळ आणता येते. गंमत अशी की, काही व्यायामांत स्प्रिंग कमी केली म्हणजे काम सोपे न होता उलट कठीण होते. कारण डळमळणारी फळी स्थिर ठेवण्याचे काम तेव्हा पोटाच्या व पाठीच्या स्नायूंवर पडते.

या स्नायूंपैकी पोटाभोवती पट्ट्यासारखा असलेला आडवा स्नायू संशोधकांच्या नजरेत भरला. निरोगी मनुष्य हात उचलतो तेव्हा हा स्नायू हाताच्या आधीच आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र त्यास उशीर होतो, असे १९९६ साली ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत आढळले. हा उशीर दुखण्याचे कारण की परिणाम, यावर तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत.

आता पहिल्या स्त्रीकडे वळू. उताणे निजून एकेक मणका उचलत उठून बसणे, हा पिलाटेसचा एक मूळ व्यायाम. यात कणा पुढे वाकतो व मणक्यांच्या पुढील कडेवर दाब पडतो. ठिसूळ मणका त्या बाजूस चेपून पाचरीसारखा होतो. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशी ठिसूळता असलेल्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांचे मणके नव्याने चेपले होते. पुढे वाकण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होते. या दुसऱ्या गटात अवघ्या नऊ जणी होत्या, तेव्हा आकडा जपूनच वापरावा. परंतु इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

येथे नावाचाही भरवसा धरता येत नाही. ‘पिलाटेस’ हे सर्वसामान्य नाम असून त्यावर कोणाचीही मालकी नाही, असा निर्णय अमेरिकेच्या न्यायालयाने २००० साली दिला. भारतातही भौतिकोपचार २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत आला आहे. पिलाटेस शिकविणाऱ्यास मात्र तशी नोंदणी लागत नाही.

या व्यायामाची थोरवीही मापातच सांगितली पाहिजे. २०१५ साली दहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. कंबरदुखीवर जवळजवळ काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस बरा, असे त्यातून दिसले. इतर व्यायामांहून तो सरस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही.

म्हणून तज्ज्ञ प्रथम विचारपूस करतो: पूर्वी हाड मोडले होते काय, उंची घटली काय, पाय बधिर होतो काय. लघवीवरील ताबा सुटला असेल किंवा बैठकीच्या जागेची संवेदना गेली असेल, तर व्यायामाचा विषयच काढीत नाही. रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडतो. तसे काही नसल्यास दोघींचे मार्ग वेगळे होतात. दुसरी उताणी निजून गुडघे सावकाश छातीशी घेते. पहिली पालथी निजून छाती किंचित वर उचलते, आणि घरी पाण्याची बादली उचलताना पाठ सरळ ठेवून खुब्यांतून कसे वाकावे, ते रिकाम्या बादलीने शिकते.