चिनी जेवण आणि त्याचे बिल

पेडण्याच्या पुनवेला गाड्यावरचे गोबी मंच्युरियन न खाल्लेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. कन्नड विभागातले मित्र तर त्याला नुसते 'गोबी' म्हणतात. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मामा-मामींनी मला मुंबईत एका उंची चिनी हॉटेलात नेले, तेव्हा त्याचाच थोरला भाऊ, चिकन मंच्युरियन, समोर आला.

मंच्युरिया हा चीनचा ईशान्य भाग. पण हा पदार्थ तिकडचा नव्हे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी तो 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केला, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच सामग्री. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर. पुढे त्यांनी मुंबईत 'चायना गार्डन' काढले.

अशा ठिकाणी जेवण वाटून खायचे असते. पदार्थ मध्ये ठेवतात, प्रत्येकाने थोडे थोडे घ्यायचे. आम्हाला हे ठाऊक नसल्याने तिघांनी तीन भात मागवले आणि दीड उरला! काड्यांपैकी खालची अंगठ्याच्या बेचक्यात स्थिर ठेवतात, वरची पेनसारखी धरून हलवतात. त्या भातात उभ्या रोवू मात्र नयेत. मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात. मी अखेर काटा मागितला. कोणी हसले नाही.

खरी परीक्षा बिलाची. समजा, पदार्थांचे 4,000 रुपये झाले. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क 400, आणि 4,400 वर पाच टक्के जीएसटी 220, एकूण 4,620. (राहण्याच्या खोलीचे भाडे दिवसाला 7,500 रुपयांवर असेल, तर त्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी अठरा टक्के.) यांतला जीएसटी सरकारचा, तो चुकवता येत नाही. सेवाशुल्क मात्र सरकारचे नव्हे; ते हॉटेलच घेते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले की, ते बिलात आपोआप लावू नये. द्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ही भूमिका उचलून धरली. म्हणजे वरच्या बिलातून 400 आणि त्यावरचा 20 रुपये जीएसटी काढून घ्या, असे शांतपणे सांगता येते. ऐकले नाही, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आमच्या बिलातही ते शुल्क होते. मामा रोखीने व्यवहार करणारे; हिशेब करून आणलेले पैसे कमी पडले. वेटर उभा. मामींनी पर्समधून परतीच्या टॅक्सीसाठी ठेवलेली पाचशेची नोट काढली. आम्ही बसने घरी आलो.

नियम मी डिचोलीला परतल्यावर वाचला आणि मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, तू कॉमर्सचा ना? तिथेच का नाही बोललास?"